फडातल्या लेकरांचे कुपोषण : ओळख आणि उपाय



गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या वजनावर आपले बारीक लक्ष असते. गाडी काट्यावर चढली आणि दहा-वीस किलोचा फरक वाटला, तरी आपण विचारणा करतो. आणि ती केलीच पाहिजे. पण तोच ऊस तोडणाऱ्या टोळीतल्या दीड वर्षाच्या पोराचे वजन किती, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारले आहे? आजचा पाठ त्या वजनाविषयी आहे.

प्रश्न केवढा आहे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे 2019-21 चे आकडे पाहा. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील दर 100 मुलांमागे सुमारे 35 मुले वयाच्या मानाने खुजी, 36 कमी वजनाची आणि 25 ते 26 उंचीच्या मानाने रोड आढळली. रोडपणाचे देशातले प्रमाण 19 होते. म्हणजे ऊस, द्राक्ष, कांदा आणि दुधात नाव कमावलेले आपले राज्य या बाबतीत देशाच्या सरासरीहून वाईट निघाले.

1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात बालके दगावली, तेव्हा कुपोषण हा शब्द घरोघर पोचला. 2005 साली राज्याने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केले. पण तेव्हापासून एक गैरसमज मनात बसला, की कुपोषण डोंगरात असते, बागायतीत नसते. हे खरे नाही. पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबे द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरीत उतरतात, ऊसतोडीच्या टोळ्या कोप्या घालून राहतात, आणि त्यांची लेकरे त्यांच्याबरोबर येतात. डोंगरातले कुपोषण असे दरवर्षी आपल्या बांधावर मुक्कामाला असते.

अन्न असून उपासमार कशी?

टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल फेडायची असते, खाडा पडला की पैसे कापले जातात. बाई पहाटे उठून भाकरी थापते आणि उजाडायच्या आत फडात जाते. लहानगे सरीच्या कडेला लुगड्याच्या झोळीत, नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. भाकरी आहे, पण ती भिजवून, कुस्करून, चार घास भरवायला कोणी नाही. तेव्हा पहिले कारण धान्याची कमतरता एवढेच नाही. आईला वेळ नाही, हेही तितकेच मोठे कारण आहे.

दुसरे कारण पातळ अन्न. बाळाचे पोट लहान. पेज किंवा डाळीचे वरचे पाणी पाजले की ते भरते, पण अंगी काही लागत नाही. तिसरे कारण हगवण. कॅनॉलचे किंवा पाटाचे पाणी प्यायले की जुलाब होतात, जुलाबाने भूक मरते, भूक मेली की पोर वाळते आणि वाळलेल्या पोराला पुन्हा जुलाब लवकर होतात. चौथे कारण आईची प्रकृती. याच पाहणीत राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. कोयता पुरा करायचा म्हणून कोवळ्या वयात लग्ने लावली जातात. अशा मुलीचे बाळ अडीच किलोच्या आत जन्मण्याचा धोका जास्त.

आपल्याला हे सांगायला डॉक्टर नको. उसाच्या उगवणीत नांग्या पडल्या आणि फुटव्याच्या काळात पाणी चुकले, तर मोठ्या बांधणीला कितीही खत टाका, टनेज भरून येत नाही. माणसाच्या पोराचा फुटव्याचा काळ म्हणजे गर्भातले नऊ महिने व जन्मानंतरची दोन वर्षे, मिळून सुमारे 1000 दिवस. मेंदूची मोठी वाढ याच काळात होते. या दिवसांत खुंटलेली उंची पुढे पुरती भरून निघणे फार अवघड. टोळीतल्या लेकराचे यांतले सहा महिने, कधी दोन हंगाम, आपल्या शिवारात जातात.

ओळखावे कसे?

दंडाची पट्टी हे सोपे साधन अंगणवाडीत असते. मूल 6 महिने ते 5 वर्षांचे असावे. डावा दंड सैल सोडून खांदा व कोपर यांच्या मधोमध माप घ्यावे. माप साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आले तर तीव्र कुपोषण, साडेअकरा ते साडेबाराच्या आत आले तर मध्यम. दुसरी खूण सुजेची. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खड्डा राहिला, तर पोर गुटगुटीत दिसत असले तरी ते तीव्र कुपोषितच. सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी 1930 च्या दशकात आफ्रिकेत, आजच्या घानामध्ये, या सुजेच्या आजाराची नोंद केली. तिथल्या लोकभाषेतले त्याचे नावच असे, की पाठचे भावंड झाल्यावर थोरल्याला होणारा आजार. अंगावरचे दूध तुटते, आणि त्या जागी पुरेसे अन्न येत नाही.

सूज, ताप, सुस्ती, किंवा खायला अजिबात नकार असेल, तर घरगुती उपाय करत बसू नये. तडक सरकारी दवाखान्यात न्यावे. अशा मुलांसाठी पोषण पुनर्वसन केंद्रे आहेत.

खायला काय द्यावे?

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको. सहा महिन्यांनंतर दूध चालू ठेवून घट्ट अन्न सुरू करावे : मऊ खिचडी, दाण्याच्या कुटाची नागलीची घट्ट लापशी, मोडाच्या कडधान्याचे वरण, उकडलेले अंडे. वर चमचाभर तेल किंवा तूप. नऊ महिन्यांनंतर दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोन वेळा खाऊ. दोन वर्षांपर्यंत अंगावरचे दूध तोडू नये.

आपण साखरवाले, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. साखरपाणी व चहात बुडवलेले बिस्कीट म्हणजे पोषण नव्हे. साखरेचा खरा उपयोग जुलाबात आहे. एक लिटर स्वच्छ पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे व मीठ अर्धा सपाट चमचा विरघळवून थोडे थोडे पाजावे. दवाखान्यातली क्षारसंजीवनीची पुडी मिळाली तर ती उत्तम, जोडीला झिंकच्या गोळ्या 14 दिवस. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना मीठ व ग्लुकोजचे पाणी तोंडावाटे दिले, आणि शंभरी तीसच्या घरातले मृत्यू चारच्या आत आले.

हा पाठ कोपीपुरता नाही. सगळे दूध डेअरीला घालायचे अन् घरच्या नातवाला कोरा चहा पाजायचा, असे आपल्या वाड्यावस्त्यांवरही चालते.

सभासदाने काय करावे?

1. टोळी उतरली की त्याच आठवड्यात सहा वर्षांखालील मुले व गरोदर बाया यांची यादी अंगणवाडी सेविकेला द्यावी. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने 6 महिने ते 6 वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क आहे. ‘नाव गावाकडे आहे’ हे कारण ऐकून गप्प बसू नये. ‘पोषण ट्रॅकर’मध्ये स्थलांतरित लाभार्थ्याची नोंद बदलता येते.

2. तालुक्याचा काही भाग आदिवासी क्षेत्रात मोडतो. तिथे 2015 पासून अमृत आहार योजना आहे. गरोदर व बाळंतीण मजूर बाईला एक वेळचे चौरस जेवण मिळते की नाही, पाहावे.

3. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेमुळे टोळीला इथल्या दुकानातही धान्य मिळू शकते. दुकानदाराशी बोलून द्यावे.

4. विहिरीचे किंवा नळाचे स्वच्छ पाणी कोपीपर्यंत द्यावे. याला खर्च फारसा नाही.

5. अंगावर पाजणाऱ्या बाईला दोन-तीन वेळा सुट्टी द्यावी आणि त्याबद्दल खाडा धरू नये, असे मुकादमाला आधीच सांगावे. आपल्या बागेत तर हे सर्वस्वी आपल्याच हाती आहे.

ऊस आपला, फड आपला आणि कारखानाही आपला. मग आपल्या सरीच्या कडेला झोळीत निजलेले पोर तेवढे मुकादमाचे कसे? पट्टी आणून दंड मोजायला दोन मिनिटे लागतात. या हंगामात प्रत्येक सभासदाने आपल्या फडापुरते एवढे करावे, अशी आमची विनंती आहे.