विहिरीत उतरणारा माणूस



हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली आणि सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली एक हदीस आपण अनेकदा ऐकली असेल. एक माणूस वाटेने चालला होता. तहानेने त्याचा जीव कासावीस झाला. विहीर दिसली तेव्हा तो खाली उतरला, पोटभर पाणी प्याला आणि वर आला. वर येऊन पाहतो तो एक कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकत होता आणि तहानेपोटी ओली माती चाटत होता. मघाशी आपली जी अवस्था होती तीच आता या जनावराची आहे, असे त्या माणसाच्या मनात आले. तो पुन्हा विहिरीत उतरला. चामडी मोज्यात पाणी भरून, मोजा दातांत धरून तो वर चढला आणि कुत्र्याला पाणी पाजले. अल्लाहने त्याच्या या कृतीची कदर केली व त्याला क्षमा केली.

दुसऱ्या एका हदीसमध्ये बनी इस्राईलमधील एका बदनाम जीवन जगणाऱ्या स्त्रीचा उल्लेख आहे. तिनेही अशाच तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजले आणि तिलाही क्षमा मिळाली.

या हदीसमधील एका तपशिलाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. तो माणूस विहिरीत दोनदा उतरला. पहिल्यांदा उतरला तो स्वतःच्या गरजेपोटी. त्यात विशेष काही नव्हते. दुसऱ्यांदा मात्र त्याची तहान भागलेली होती, वाट पुढे पडलेली होती, आणि दातांत ओझे धरून चढणे सोपे नव्हते. क्षमा लाभली ती या दुसऱ्या उतरण्याला.

सहाबांचा प्रश्न

हे ऐकून सहाबांनी विचारले, की जनावरांशी केलेल्या चांगल्या वागणुकीचाही आम्हाला मोबदला मिळतो का? प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी जे उत्तर दिले त्याचा आशय असा, की जिवंत असलेल्या प्रत्येक प्राण्याच्या बाबतीत सवाब आहे. प्रश्न कुत्र्याच्या निमित्ताने निघाला होता; उत्तर सर्व सजीवांना कवेत घेणारे आले.

याच शिकवणीचे आणखी एक दृश्य सीरतच्या ग्रंथांत आढळते. हिजरी 8 मध्ये, रमजान महिन्यात, सुमारे दहा हजारांचे सैन्य मदीनेहून मक्केकडे निघाले होते. वाटेत अल-अर्जच्या पुढे एक कुत्री आपल्या पिलांना दूध पाजताना दिसली. सैन्याची चाहूल लागताच ती पिलांच्या काळजीने गुरगुरू लागली. प्रेषितांनी (सल्ल.) हजरत जुऐल बिन सुराका (रजि.) यांना तिच्याजवळ उभे राहण्याची आज्ञा केली, जाणाऱ्यांपैकी कोणीही तिला वा पिलांना त्रास देऊ नये, एवढेच त्यांचे काम. हा प्रसंग अल-वाकिदी यांनी नोंदवला आहे. हदीसशास्त्राच्या दृष्टीने त्यांच्या कथनाला बुखारी-मुस्लिमचा दर्जा नाही, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. परंतु वरील सहीह हदीसशी तो पूर्णपणे सुसंगत आहे. मक्केच्या विजयाकडे निघालेल्या सैन्यातला एक शिपाई एका कुत्रीच्या पहाऱ्यावर नेमला जातो, ही गोष्ट आपण मुलांना आवर्जून सांगावी.

आजचे पहारेकरी

आज नाल्यात, गटारात वा कोरड्या विहिरीत अडकलेल्या कुत्र्यासाठी अग्निशमन दलाचे जवान दोर व जाळी घेऊन उतरतात. पुराच्या पाण्यातून पोलीस शिपाई पिलू छातीशी धरून बाहेर येतो. अशी चित्रे आपण पाहतो आणि कधी कधी हसतोही. ‘कुत्र्यासाठी एवढा खटाटोप?’ हा शेरा आपल्या वस्त्यांतही ऐकू येतो.

6 फेब्रुवारी 2023 रोजी तुर्कस्तान व सीरिया भूकंपाने हादरले. एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांहून अधिक माणसे दगावली. त्या हाहाकारातही, भूकंपाला सुमारे तीन आठवडे उलटल्यावर, अंताक्या शहरातील एका कोसळलेल्या इमारतीतून बचाव पथकाने एक कुत्रा जिवंत बाहेर काढला. माणसे शोधायला आलेल्या त्या हातांनी, जीव कुत्र्याचा आहे हे कळल्यावरही ढिगारा उपसणे थांबवले नाही. त्याच भूकंपात आपल्या देशाच्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या ‘रोमिओ’ आणि ‘ज्युली’ या कुत्र्यांनी नुरदागी येथे ढिगाऱ्याखाली अडकलेल्या सहा वर्षांच्या मुलीचा माग काढला व ती वाचली. माणसाने कुत्र्याला वाचवावे आणि कुत्र्याने माणसाच्या लेकराला, असे हे देणे-घेणे आहे. पवित्र कुरआनच्या सूरह माइदहमध्ये शिकवून तयार केलेल्या शिकारी प्राण्यांनी पकडलेली शिकार वैध ठरवताना, ते शिकवण्याची विद्याही अल्लाहनेच माणसाला दिली असे म्हटले आहे. शोधपथकातील कुत्र्याचे प्रशिक्षण याच विद्येचा एक भाग मानता येईल.

पण कुत्रा नापाक आहे ना?

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणेच दिले पाहिजे. विनाकारण, केवळ हौसेखातर घरात कुत्रा पाळण्यास शरीअतने प्रोत्साहन दिलेले नाही. शिकार, गुरे व शेतीची राखण यांसाठी पाळण्याची मुभा हदीसमध्ये स्पष्ट आहे. कुत्र्याने भांड्यात तोंड घातले तर ते धुण्याची ताकीदही आहे. हे सर्व नियम आपल्या जागी कायम आहेत.

मात्र नापाकी हा धुण्याचा विषय आहे, द्वेषाचा नव्हे. हनफी फिक्हनुसार कुत्र्याची लाळ नापाक आहे, परंतु त्याच्या अंगाचा केवळ स्पर्श झाल्याने, अंग पाण्याने ओले असले तरी, कपडे नापाक होत नाहीत. लाळ लागली तर ती जागा धुवावी. कोकणातील आपले बांधव बहुतांशी शाफई आहेत. त्यांच्या मतानुसार ओल्या स्पर्शाने अंग वा कपडा नापाक होतो आणि तो सात वेळा, त्यांपैकी एकदा मातीमिश्रित पाण्याने धुवावा लागतो. कोरड्याला कोरडा स्पर्श झाल्यास काहीच लागत नाही. मालिकी उलेमांनी तर कुत्र्याला पाकच मानले आहे. आणि कुत्र्याला हात लागल्याने वुजू तुटत नाही.

म्हणून अग्निशमन दलात वा पोलिसांत असलेल्या माझ्या तरुण बांधवांना मी सांगेन: भिजलेले, घाबरलेले जनावर उचलताना नमाजची चिंता करून हात मागे घेऊ नका. आपल्या मसलकनुसार कपडे धुवा किंवा बदला, आणि नमाजला उभे राहा. धुण्यास काही मिनिटे लागतात. गेलेला जीव परत येत नाही.

आपल्या फुकहांनी याहून पुढची गोष्ट लिहिली आहे. प्रवासात वुजूपुरतेच पाणी असेल आणि ते वापरल्यास आपला कुत्रा तहानेने व्याकूळ होईल अशी भीती असेल, तर पाणी त्याच्यासाठी राखून तयम्मुम करण्याची मुभा हनफी ग्रंथांत आहे. ज्याचे उष्टे धुवून टाकायचे, त्याच्या तहानेसाठी वुजूचे पाणी सोडता येते. शरीअतचा समतोल यातून दिसतो.

दयेला अक्कलही हवी

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. एप्रिल 2024 मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील वाकडी गावात एक मांजर जुन्या विहिरीत पडली. त्या विहिरीत बायोगॅसचे शेण-मळी साठवलेली होती. मांजर काढायला एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा; पाच जणांचा मृत्यू झाला. कमरेला दोर बांधून उतरलेला एक जण तेवढा वाचला.

त्या माणसांच्या मनातली दया खरी होती. अल्लाह त्यांच्या आप्तांना धीर देवो. परंतु जुनी विहीर, गटार व मळीचा खड्डा यांत विषारी वायू साचतो. तो दिसत नाही, आणि पुष्कळदा त्याचा वासही येत नाही. स्वतःला आपल्या हातांनी विनाशात लोटू नये, ही कुरआनची शिकवण आहे. अग्निशमन दलाचे जवान श्वसनयंत्र लावून, दोराला बांधून घेऊन आणि वर माणसे उभी करूनच उतरतात. प्रत्येक काम उत्तम रीतीने करण्याचा, म्हणजे इहसानचा जो आदेश हदीसमध्ये आहे, तो हाच. बुडणाऱ्याला वाचवणे फर्ज-ए-किफाया आहे. समाजातील काही जण हे कौशल्य शिकून सज्ज राहतात म्हणून इतरांवरचा भार उतरतो. या सेवेत जाणाऱ्या आपल्या मुलांकडे केवळ सरकारी नोकरी लागली म्हणून पाहू नका. नियत शुद्ध असेल तर पगार घेऊनही त्यांना सवाब आहे.

पिसाळलेल्या कुत्र्याचा बंदोबस्त करण्यास शरीअतची मनाई नाही. माणसाच्या जिवाचे रक्षण अगोदर. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. झाडफुंकीत वेळ दवडणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय.

आपण काय करावे?

जनावर अडकलेले दिसले तर स्वतः उडी न घेता 101 किंवा 112 वर कळवा. जखमी असेल तर 1962 हा पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक आहे. पथक येईपर्यंत गर्दी हटवा, मुलांना दूर ठेवा. जुऐल (रजि.) यांचे काम तुम्हालाही करता येते: नुसते उभे राहणे, कोणी दगड मारू नये म्हणून. मशिदीबाहेर, मदरशाच्या अंगणाबाहेर मुले कुत्र्यांवर दगड भिरकावताना दिसली तर त्यांना थांबवा. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाल्याची हदीस त्यांना सांगा. गावातल्या पडक्या विहिरींना कठडा व जाळी बसवण्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज करा. उन्हाळ्यात दाराबाहेर पाण्याचे एक भांडे ठेवा. त्याला घरातल्या भांड्यांत मिसळू नका, म्हणजे पाकीही राहील आणि तहानही भागेल.

गुहेत झोपलेल्या त्या श्रद्धावान तरुणांची हकीकत सांगताना कुरआनने उंबऱ्याशी पाय पसरून बसलेल्या त्यांच्या कुत्र्याचाही उल्लेख केला आहे. नेक माणसांच्या सोबतीने एका कुत्र्याचे स्मरण कियामतपर्यंत राहिले. मग त्याच्या जातीतल्या एखाद्या जिवासाठी नेक माणसाने चार पावले चालावीत, यात नवल ते काय?

हे अल्लाह, आमच्या अंतःकरणात तुझ्या सृष्टीविषयी दया भर, त्या दयेला शहाणपणाची जोड दे, आणि दुसऱ्यांसाठी खोल विहिरीत उतरणाऱ्यांना सुखरूप वर आण. आमीन.