तीन स्किल्सची लक्ष्मणरेषा

आउटपुटचा काही भाग परत इनपुटमध्ये मिळवला की सिस्टिम हाताबाहेर जाते, हा पॉझिटिव्ह फीडबॅक आपण पेपरात लिहितो. मला तो खरा समजला ‘ब्लड बोल’ खेळताना!

हा ‘गेम्स वर्कशॉप’ या ब्रिटिश कंपनीचा १९८६ सालचा बोर्डगेम. थोडाफार अमेरिकन फुटबॉल, पण मैदानात ऑर्क आणि एल्फ. दोन्हीकडे ११-११ खेळाडू. मॅच संपली तरी खेळाडू तोच राहतो आणि अनुभव साठवतो. २०१६ च्या नियमांत पास पूर्ण केला की १ पॉइंट, समोरच्याला जायबंदी केलं की २, टचडाउनला ३. पहिलं स्किल ६ पॉइंट्सना, पुढची १६, ३१, ५१, ७६ आणि १७६ ला.

आता गंमत बघा. ज्याच्याकडे स्किल, तोच टचडाउन करणार, म्हणजे पुढचं स्किलही त्यालाच. हरणाऱ्याचे खेळाडू मात्र मरतात आणि अनुभवही त्यांच्याबरोबर जातो. कमजोर टीमला लाच द्यायला, जादूगार आणायला पैसे मिळतात खरे, पण ती एका मॅचपुरती पेनकिलर.

आमच्या विंगच्या लीगमध्ये हेच झालं. माझ्या एल्फ कॅचरने चार स्किल्स कमावली होती. फर्स्ट इयरचा एक मुलगा माझ्याशी ओळीने तीन मॅच हरला आणि म्हणाला, “दादा, सबमिशन आहे, नाही जमणार.” सबमिशन नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

मग आम्ही घरचे नियम केले:

१. कमावलेली स्किल्स जास्तीत जास्त तीन. त्यापुढचे पॉइंट्स फक्त मिरवायला.

२. सीझन संपला की सगळ्यांना सारखं बजेट, त्यातच टीम पुन्हा विकत घ्यायची. जुना खेळाडू ठेवायचा तर खेळलेल्या दर सीझनमागे २०,००० नाणी जादा. ही जादा पैशाची कल्पना २०२० च्या आवृत्तीतली.

३. वय झालं म्हणून फासे टाकून खेळाडू अधू करायचा नाही. २००० च्या दशकात काही काळ तसा नियम होता. पण चांगलं खेळल्याची शिक्षा फाशांनी दिली की राग येतो. मर्यादा आधीच माहीत असेल तर माणूस प्लॅनिंग करतो.

पहिल्याच नियमात माझ्या कॅचरचं चौथं स्किल गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! पण मर्यादा जिंकणाऱ्याला छळायला नसते, हरणारा उद्या परत यावा म्हणून असते.

तो आला. आणि पहिल्या हाफमध्येच माझ्या कॅचरला स्ट्रेचरवर पाठवलं.

असो. लीग चालू आहे!