संगणकातल्या खोलीत दिवा लावताना

संगणकाच्या पडद्यावर एखादी खोली उभी करायची म्हणजे प्रथम तिची मोजमापे द्यायची. भिंती इतक्या लांब, टेबल इतके उंच, टेबलावर इतक्या त्रिज्येचा एक पांढरा चेंडू. कॅमेरा कोठे ठेवायचा तेही सांगायचे. एवढे सगळे करून चित्र काढण्याचा हुकूम दिला, तर पडद्यावर काय दिसेल? काहीच नाही. पडदा काळा राहील, कारण खोलीत दिवा नाही.

मग आपण दिवा ठेवतो. लगेच संगणकाची आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, प्रश्न विचारू लागते. दिवा कोठे? किती शक्तीचा? केवढा मोठा? प्रकाशाची किती परावर्तने मोजायची? नवशिका यांतला जो आकडा हाताशी येईल तो फिरवत राहतो आणि चित्र बरे दिसले की थांबतो. परंतु यांतील प्रत्येक आकडा प्रकाशाच्या एकेका नियमाचा आहे, आणि त्यांतले बहुतेक नियम तुमच्या पाठ्यपुस्तकात आहेत. ते ओळखून दिवे लावले तर काम सोपे होते. शिवाय चित्र नुसते सुंदर न राहता खरे होते. ब्लेंडर नावाची आज्ञावली विनामूल्य मिळते. शाळेच्या संगणकावर ती असेल तर हा लेख वाचता वाचता करूनही पाहा.

कोन आणि अंतर

सुरुवातीला एकच दिवा ठेवा. चेंडूचा जो भाग दिव्याकडे सरळ तोंड करून आहे तो सर्वांत उजळ दिसेल. तेथून कडेकडे जावे तसा उजेड कमी होत जाईल. याचा नियम योहान हाइनरिश लँबर्ट यांनी १७६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘फोटोमेट्रिया’ या ग्रंथात मांडला. पृष्ठभागावर काढलेला लंब आणि येणारा किरण यांच्यातील कोनाची कोज्या, म्हणजे ज्याला आपण वर्गात ‘कॉस’ म्हणतो ती, जितकी तितका उजेड. किरण लंबाच्या दिशेने आला तर पूर्ण, ६० अंशांनी आला तर निम्मा, आणि ९० अंशांना शून्य. कागदावर काढलेले वर्तुळ सपाट दिसते, पण संगणकातला चेंडू गोल भासतो तो या कोज्येमुळेच.

दुसरा नियम अंतराचा. दिवा लहान असेल तर दुप्पट अंतरावर उजेड एक चतुर्थांश होतो आणि तिप्पट अंतरावर एक नवमांश. यालाच व्यस्त वर्गाचा नियम म्हणतात. आता दोन्ही नियम एकत्र लावू. टेबलाच्या वर बरोबर १ मीटर उंचीवर दिवा आहे. त्याच्या थेट खालच्या बिंदूवर जेवढा उजेड पडतो त्याला १ म्हणू. त्या बिंदूपासून टेबलावरच १ मीटर बाजूला किती उजेड पडेल? दिव्यापासूनचे अंतर आता २ चे वर्गमूळ इतके झाले, म्हणून उजेड निम्मा. कोन ४५ अंश झाला, म्हणून त्याला ०.७०७ ने गुणायचे. उत्तर आले सुमारे ०.३५. हातभर बाजूला सरकताच दोनतृतीयांश उजेड गेला! म्हणून टेबलाचा कोपरा अंधारा दिसला तर लगेच शक्ती वाढवू नका. दिवा किती उंचीवर टांगला आहे ते आधी पाहा.

शक्तीबद्दल एक सूचना. बल्बच्या खोक्यावर छापलेले वॅट म्हणजे तो किती वीज खातो याचे माप. ब्लेंडरमध्ये दिव्याला जे वॅट द्यायचे असतात ते बाहेर पडणाऱ्या प्रकाशशक्तीचे असतात. दोन्ही आकडे एकच समजू नयेत.

सावलीची कडा

आता चेंडूच्या सावलीकडे पाहू. दिवा म्हणजे नुसता एक बिंदू आहे असे मानले तर सावलीची कडा कात्रीने कापल्यासारखी येते. खरा दिवा बिंदू नसतो. त्याला आकार असतो, म्हणून गडद प्रच्छायेच्या भोवती फिकट उपच्छाया पडते. तिची रुंदी समरूप त्रिकोणांवरून काढता येते. दिव्याचा व्यास १० सेंटिमीटर आहे, दिव्यापासून वस्तूची कडा २ मीटर दूर आहे आणि कडेपासून टेबल आणखी २० सेंटिमीटर खाली आहे असे समजा. २० सेंटिमीटर हा २ मीटरचा दहावा भाग, म्हणून उपच्छायेची रुंदी दिव्याच्या व्यासाचा दहावा भाग, म्हणजे १ सेंटिमीटर.

सूर्याचेही तसेच आहे. आकाशात त्याचा व्यास सुमारे अर्धा अंश दिसतो. म्हणून कडेपासून १ मीटर अंतरावर उन्हातल्या सावलीची कडा सुमारे ९ मिलिमीटर पसरते. सावली फार कठोर वाटली तर दिव्याचा आकार वाढवावा, शक्ती कमी करू नये. शक्ती कमी केल्याने सगळेच चित्र मंद होईल, कडा मात्र होती तशीच राहील.

भिंतींचा उजेड

एका दिव्याचे चित्र पाहिलेत तर एक गोष्ट खटकेल. चेंडूची मागची बाजू शाईसारखी काळी दिसते. आपल्या घरात असे कधी होत नाही. कारण दिव्याचा प्रकाश भिंतीवर पडतो, तेथून चहूकडे विखुरतो आणि मागच्या बाजूपर्यंत पोचतो.

हा उजेड मोजणे पूर्वीच्या संगणकांना झेपत नव्हते. अमेरिकेतील युटा विद्यापीठात काम केलेल्या ब्वी तुओंग फोंग यांनी १९७५ साली चकाकत्या वस्तूंची चित्रे काढण्याची जी रीत प्रसिद्ध केली, तिच्यात या उजेडाच्या जागी सगळीकडे सारखाच एक ठराविक आकडा मिळवलेला असे. १९८४ साली कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी रंगीत भिंतींच्या एका पेटीचे चित्र गणिताने काढून दाखविले. त्यात एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर जाणारा विखुरलेला प्रकाश मोजला होता, त्यामुळे रंगीत भिंतीचा रंग शेजारच्या पांढऱ्या भागावर उतरलेला दिसत होता. १९८६ साली जेम्स काजिया यांनी असा सर्व प्रकाश एकाच समीकरणात मांडला. आजच्या आज्ञावल्या तेच समीकरण सोडवतात. फक्त किती परावर्तनांनंतर थांबायचे ते आपल्याला विचारतात, आणि नेमके येथेच पुष्कळजण फसतात.

एक बंद खोली घ्या. तिच्या भिंती, छत आणि जमीन पडलेल्या प्रकाशापैकी ८० टक्के परत फेकतात. दिव्याचा थेट उजेड १ धरला तर पहिल्या परावर्तनानंतर ०.८ उजेड मिळतो, दुसऱ्यानंतर ०.६४, तिसऱ्यानंतर ०.५१२. ही भूमिती श्रेढी आहे. तिची अनंत पदांपर्यंतची बेरीज १ भागिले ०.२, म्हणजे ५. याचा अर्थ खोलीच्या पृष्ठभागांवर पडणारा एकूण उजेड दिव्याच्या थेट उजेडाच्या पाचपट असतो! भिंती मळक्या असून निम्माच प्रकाश परत फेकत असतील तर ही बेरीज फक्त २ येते. दिवा तोच आणि वीजही तेवढीच, परंतु भिंतींना चुन्याचा हात दिल्याने उजेड अडीचपट झाला.

आता आज्ञावलीला चार परावर्तनांनंतर थांबायला सांगा. मळक्या खोलीत बेरीज १.९४ येईल. २ पैकी १.९४, म्हणजे ९७ टक्के. ठीक आहे. पांढऱ्या खोलीत मात्र ५ पैकी ३.३६ इतकीच येईल, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश उजेड हरवला. नवशिका म्हणतो, “दिवा कमी पडतो आहे,” आणि दिव्याची शक्ती दीडपट करतो. चित्र उजळते, पण त्यासोबत दिव्याखालचा थेट उजेडही दीडपट होतो. चूक एका नियमात होती, दुरुस्ती दुसऱ्यात केली. आता दोन्ही चुकले.

पडद्याची लबाडी

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा आकडा ० ते २५५ असतो. १२८ म्हणजे निम्मा उजेड असे कोणालाही वाटेल, पण पडद्यावर १२८ चा उजेड सुमारे २२ टक्केच असतो. निम्म्या उजेडाचा आकडा आहे १८८. आपला डोळा अंधारातले फरक अधिक बारकाईने ओळखतो, म्हणून आकड्यांची वाटणी अशी केलेली आहे.

याचा परिणाम काय होतो? एका दिव्याने ठिपका १२८ चा होतो आणि तसलाच दुसरा दिवा लावला, तर उत्तर २५६ येत नाही. उजेडाची बेरीज ४३ टक्के होते आणि तिचा आकडा येतो सुमारे १७६. पूर्वीच्या अनेक आज्ञावल्या थेट आकड्यांचीच बेरीज करीत. मग चित्र भगभगीत होई, आणि ते सावरण्यासाठी लोक व्यस्त वर्गाचा नियमच बदलून टाकीत.

सुंदर आणि खरे

छायाचित्रकार तीन दिवे वापरतात: एका बाजूला मुख्य दिवा, समोरून सावली सौम्य करणारा मंद पूरक दिवा, आणि वस्तूची कडा उठावदार करणारा मागचा दिवा. संगणकातही ही मांडणी उत्तम चालते. पूरक दिवा म्हणजे एका अर्थी नसलेल्या भिंतीचा बदली कामगार. चित्रपटासाठी तो जरूर लावावा.

परंतु समजा, ती खोली म्हणजे उद्या बांधायच्या शाळेचा वर्ग आहे. खिडक्या एकाच बाजूला आहेत. खिडकीपासून सर्वांत दूरच्या बाकावर वाचण्याइतका उजेड पोचेल की नाही, हा प्रश्न आहे. अशा कामासाठी ‘रेडियन्स’ नावाची आज्ञावली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्ड यांनी तयार केली. ती चित्राबरोबर उजेडाचे मापही देते. येथे कोणी चित्र उजळावे म्हणून एक पूरक दिवा दडवून ठेवला, तर कागदावरचा वर्ग लख्ख दिसेल आणि खऱ्या वर्गातली त्या बाकावरची मुले वर्षानुवर्षे डोळे ताणून वाचत बसतील.

म्हणून क्रम असा ठेवा. प्रथम खोलीची मोजमापे खरी द्या. मग भिंतींचा रंग ठरवा. एकच दिवा लावा आणि त्याची जागा, आकार व शक्ती त्याच क्रमाने ठरवा. परावर्तनांची संख्या दुप्पट करून पाहा. चित्र बदलले तर आधीची संख्या अपुरी होती. एका वेळी एकच आकडा बदला. दुसरा दिवा सर्वांत शेवटी.

करून पाहा

संगणक नसला तरी अडत नाही. रात्री खोली अंधारी करा. टेबलावर पांढरा चेंडू किंवा अंडे ठेवून एका बाजूने विजेरीचा प्रकाश टाका. दुसऱ्या बाजूला आधी काळा, मग पांढरा, मग लाल कागद उभा धरा आणि प्रत्येक वेळी चेंडूची अंधारी बाजू पाहा. नंतर विजेरीच्या तोंडासमोर थोड्या अंतरावर मोठा पातळ कागद धरून सावलीच्या कडेत काय बदल होतो ते पाहा.

शेवटी एक उदाहरण तुमच्यासाठी. वर्गाच्या भिंती ७० टक्के प्रकाश परत फेकत असतील, तर एकूण उजेडाचा ९५ टक्के भाग मोजण्यासाठी किमान किती परावर्तने घ्यावी लागतील? वहीत श्रेढी मांडा. उत्तर आठ यायला हवे.