समुद्र आणि किरणोत्सर्ग

“एवढ्या अफाट समुद्रात थोडे विष पडले, तर काय बिघडते?” असे विद्यार्थी आम्हांस विचारतात. याचे उत्तर जपानच्या किनाऱ्यावर मिळते.

११ मार्च २०११ रोजी भूकंप व त्सुनामी यांमुळे फुकुशिमा येथील अणुवीजकेंद्राचा वीजपुरवठा खंडित झाला. इंधन थंड ठेवणारे पाणी थांबले, तीन अणुभट्ट्यांतील इंधन वितळले आणि किरणोत्सर्गी पाणी समुद्रास मिळाले. त्यातील आयोडीन-१३१ चा किरणोत्सर्ग दर ८ दिवसांनी निम्मा होतो. म्हणजे ८० दिवसांनी सुमारे सहस्रांश उरतो. सीझियम-१३७ चा निम्मा होण्यास मात्र ३० वर्षे लागतात. समुद्र त्यास विरळ करतो, नष्ट करीत नाही. आणि किनाऱ्याजवळचे मासे ते अंगात घेतात. सबब तेथील कोळ्यांस मासेमारी थांबवावी लागली. पुढे मासे पकडून, मोजून, निर्दोष ठरलेल्या जातींपुरतीच ती हळूहळू सुरू झाली.

आपल्या पालघर जिल्ह्यातील तारापूरचे केंद्रही १९६९ साली समुद्रकाठीच सुरू झाले. कागल समुद्रापासून दूर खरे. परंतु कोकणचे मासे घाट चढून आपल्या ताटात येतातच. किरणोत्सर्ग डोळ्यांस दिसत नाही, जिभेस कळत नाही. म्हणून, मुलांनो, अशा प्रसंगी अफवेने भिऊ नये व थापेने निश्चिंतही होऊ नये. प्रामाणिकपणे केलेले मोजमाप मागावे.