माळवदाच्या तुळया

अंबाजोगाई

चि. बाळास,

आयटीआय संपवून घरीच सुतारकाम मांडतोयस, चांगलं आहे. कामाच्या बाकासाठी प्लायवूडचा जो हिशेब पाठवलास तो मात्र बाजूला ठेव. माळवद उतरवून तुम्ही स्लॅब टाकला, त्या सागवानी तुळया गोठ्यामागेच पडल्यात ना? व्यापारी पडत्या भावात मागत असेल तर एक काडी देऊ नकोस, बाक त्यांचंच कर. इतकी वर्षं पांढऱ्या मातीचं ओझं पेललेलं लाकूड आहे ते, सुकायचं तेवढं सुकलंय, आता फारसं पिळणार नाही. भिंतीत गेलेली टोकं तेवढी कापून टाक, वाळवी तिथूनच शिरते. खांबांची तळखड्याकडची बाजूही ठोकून बघ, बद्द आवाज आला तर तीही काप. आणि रंधा लावण्याआधी लोहचुंबक फिरव. पात्याची धार घालवायला एक मोडका खिळा पुरे.

सगळे वरच्या फळीच्या जाडीवर बोलतात, बाक हलतं ते पायांमुळे. रंध्याचा जोर लांबीच्या दिशेने बसतो. त्या बाजूला बारीक पट्ट्या मारल्यास की महिन्याभरात डुगडुगायला लागलंच. पाय चार इंच चौरस घे, लांबीकडच्या आडव्या निदान सहा इंच रुंद. आखूड बाजूंना कुसू घालून खुंट्या ठोक, कायमचं काम. खुंट्यांना मोडक्या बैलगाडीचा आरा वापर, बाभळीचा गाभा असतो तो. लांब बाजूला मात्र नटबोल्टच. ढिलं पडलं की आवळता येतं, उद्या दुकान केजला हलवलंस तर उकलून नेता येतं. पुढचे पाय वरच्या फळीच्या कडेशी एका रेषेत ठेव. आत घेतलेस तर दाराची लांब फळी उभी बांधून तिची कड रंधता येणार नाही.

उंची मला विचारू नकोस. चप्पल घालून सरळ उभा राहा, हात सैल सोड आणि तळहात आडवा कर. तो टेकेल ती तुझ्या बाकाची उंची. जोडणीचंच काम जास्त असेल तर दोन-तीन इंच वाढव.

वरची फळी पुढून घट्ट आवळ, मागच्या बोल्टांची भोकं लांबट पाड. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीस ओलांडतो तेव्हा लाकूड आकसतं, मृगानंतर तेच फुगतं. दोन्हीकडून जखडलंस तर चिरेल.

गावातले म्हातारे सुतार हसतील. जमिनीवर बसून, पायात लाकूड धरून त्यांनी आयुष्यभर तिफणी केल्या. हसू दे, खिडकीची चौकट गुण्यात बसवायला बाक लागतंच. पण कुसवांची भोकं पाडायला त्यांनाच बोलाव, किंकरं त्यांच्यासारखं चालवणारं आता कोणी नाही.

व्हाइस डावीकडे, पायाला लागून बसव. विकत घेऊ नकोस. माझ्याकडे एक जादा आहे, पोळ्याला येताना आणतो.

तुझा मामा