घरघर थांबवा, फिल्टर नको

फिशटँक असलेल्या घरांतून एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: "रात्री फिल्टर बंद ठेवला तर चालेल का हो? त्या आवाजानं डोळ्याला डोळा लागत नाही." माझं उत्तर ठाम आहे. चालणार नाही. आमच्या घरात जे घडलं ते पाहिल्यावर मी दुसरं काही सांगूच शकत नाही.

मे महिना होता. गावाहून पाहुणे आले होते, हॉलमध्ये अंथरुणं पडली होती आणि टाकीखालच्या कपाटातला कॅनिस्टर फिल्टर घरघरत होता. पाहुण्यांची झोपमोड नको म्हणून घरातल्या कुणीतरी रात्री बटण बंद केलं आणि सकाळी उठल्यावर पुन्हा चालू केलं. पाइपातून आधी तपकिरी, गढूळ पाणी आलं. पाठोपाठ सडक्या अंड्यासारखा वास. मोली आणि एंजल पाण्याच्या अगदी वरच्या थराला येऊन तोंडाची उघडमीट करत होते, कल्ले भराभर हलत होते. गुरामी तेवढे ठीक होते, कारण त्यांना थेट हवेतून श्वास घेता येतो. ताबडतोब पाणी बदललं, एअर पंप लावला, तरी काही मासे हाती लागले नाहीत.

फिल्टर फक्त कचरा गाळतो असं आपण समजतो. खरं तर त्यातल्या स्पंजवर आणि सिरॅमिकच्या तुकड्यांवर जिवाणूंची वस्ती असते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचं हे जिवाणू आधी नायट्राइट आणि मग त्या मानानं निरुपद्रवी नायट्रेट करतात. त्यासाठी त्यांना ऑक्सिजन लागतो, आणि तो वाहत्या पाण्यातून मिळतो. बंद डब्यात पाणी साचलं की काही तासांत ऑक्सिजन संपतो, हे जिवाणू मरू लागतात आणि आतला गाळ कुजतो. सकाळी बटण दाबलं की तेच पाणी टाकीत येतं. शिवाय अंधारात पाणवनस्पतीही ऑक्सिजन सोडत नाहीत, उलट वापरतात. म्हणून पहाटे टाकीत ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. उन्हाळ्यात तर आणखीच कमी, कारण 25 अंशाला लिटरभर पाण्यात साधारण 8.2 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला जेमतेम 7.5.

तेव्हा इलाज आवाजावर करा. बाष्पीभवनानं पातळी उतरली की फिल्टरचं पाणी उंचावरून पडून खळखळतं. टाकी भरून घ्या. घरघर येत असेल तर आत हवा अडकलेली असते. चालू फिल्टर हलकेच तिरपा करा, बुडबुडे निघून जातील. तरीही थांबली नाही तर प्लग काढून इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं फिरतं पातं, बाहेर घ्या. त्याच्यावर बुळबुळीत थर किंवा केस गुंडाळलेला सापडेल. जुन्या टूथब्रशनं साफ करा. एअर पंप लाकडाला टेकून गुणगुणत असेल तर खाली जाड स्पंज ठेवा. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात उतरतं. स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीननं जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून घ्या.

आणि वीज गेल्यामुळे फिल्टर रात्रभर बंद राहिलाच तर घाईनं बटण दाबू नका. कॅनिस्टर उघडा, साचलेलं पाणी ओतून द्या, स्पंज टाकीच्या पाण्यात खळबळून घ्या आणि मगच सुरू करा. टाकीतलं पाव भाग पाणी क्लोरीन घालवलेल्या पाण्यानं बदला, दिवसभर खाद्य देऊ नका, अमोनियाची टेस्ट करा. जिथं वीज वारंवार जाते तिथं बॅटरीवरचा एअर पंप घरात असलाच पाहिजे. नवीन टाकी घेणार असाल तर ती झोपायच्या खोलीत ठेवूच नका, म्हणजे बटणाकडे हात जाण्याची वेळच येणार नाही.