पाचारण आणि पाळकदीक्षा

आपल्या महाविद्यालयातून पदवी घेऊन पुढे ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासाला गेलेला माझा एक विद्यार्थी गेल्या नाताळच्या सुटीत घरी आला होता. मे महिन्यात त्याची पाळकदीक्षा व्हायची होती. चहा झाल्यावर तो हळूच म्हणाला, "सर, दीक्षेचा दिवस ठरलाय. पण देवानं मला खरंच बोलावलंय का, हे माझं मलाच कळत नाही." मी मराठीचा शिक्षक, धर्मशास्त्राचा पंडित नव्हे. तरी त्याच्याशी बोलताना जे उमगले ते येथे मांडतो.

प्रथम शब्द पाहू. पाचारण म्हणजे बोलावणे. ते अंतरात होते. त्याला दुसरा साक्षीदार नसतो. दीक्षा म्हटले की आपल्याला गुरूने शिष्याच्या कानात सांगितलेला मंत्र आठवतो. ख्रिस्ती पाळकदीक्षा मात्र भर मंडळीसमोर होते. उमेदवाराला प्रश्न विचारतात, प्रार्थना होते आणि बिशप किंवा ज्येष्ठ पाळक त्याच्या मस्तकावर हात ठेवतात. रोमन कॅथलिक पंथ हा एक संस्कार मानतो आणि त्याची मुद्रा जन्मभर पुसत नाही असे सांगतो. उलट मार्टिन ल्यूथरने 1520 मध्ये लिहिले की बाप्तिस्मा झालेले सर्वच जण याजक आहेत. फरक आहे तो केवळ कामाचा. हा मतभेद मोठा आहे. परंतु आपणच आपल्याला दीक्षा द्यायची नाही, याविषयी दोघांचे एकमत आहे. अंत्युखियाच्या मंडळीने उपास व प्रार्थना करून, हात ठेवून, बर्णबा आणि शौल यांना पाठविले, तीच ही परंपरा.

मग आतली हाक आणि बाहेरचा विधी यांचे नाते काय? मला शमुवेलाची गोष्ट आठवली. रात्री हाक ऐकून तो बालक तीनदा वृद्ध एलीकडे धावला. हाक शमुवेलाला आली, पण ती कोणाची हे ओळखले एलीने. पुढे त्या बालकाला जे ऐकावे लागले, ते एलीच्याच घराण्याविरुद्ध होते. तरीही एलीने त्याला काही लपवू दिले नाही. हाक ओळखण्यासाठी वडीलधारे हवेत, आणि ती आपल्याविरुद्ध असली तरी ऐकून घेण्याचे धैर्य त्या वडीलधाऱ्यांत हवे.

आपल्या मराठीत याचे उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला; पाळकदीक्षा मिळाली 1904 मध्ये. मधली नऊ वर्षे ते काही स्वस्थ बसले नव्हते. शिकविणे, उपदेश, काव्य चालूच होते. दीक्षेने त्यांची हाक निर्माण केली नाही. मंडळीने तिच्यावर आपली मोहोर उठविली, इतकेच. आणि 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, भगवी वस्त्रे घेतली व 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा होती. 9 मे 1919 रोजी ते वारले. दीक्षेने पद मिळते. परंतु पाचारण त्या पदापाशी थांबतेच असे नाही.

माझा विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे ही शंका मंडळीच्या वडिलांना सांगू? त्यांनी नको म्हटलं तर? आईनं पाहुण्यांना कळवलंसुद्धा."

मी म्हणालो, "सांग. तुझ्या मस्तकावर हात ठेवणाऱ्यांना त्या मस्तकात काय चाललंय हे ठाऊक असायला नको का?"

त्याने सांगितले. वडिलांनी दीक्षा एक वर्ष पुढे ढकलली आणि त्याला एका खेड्यातील लहान मंडळीत कामाला पाठविले. आई काही दिवस माझ्याशी बोलत नव्हती. परवा त्याचे पत्र आले. त्यात पाचारणाचा उल्लेख नव्हता. गावातल्या एका आजारी म्हाताऱ्याविषयी मात्र दोन पाने भरून मजकूर होता. तेव्हापासून मी दीक्षेच्या निमंत्रणाची वाट पाहत आहे.